बिग बेनचा बाराचा ठोका

१४ मे २०२५ रोजी व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ या कादंबरीला शंभर वर्षं पूर्ण झाली. तिचा विषय निघाला की ‘संज्ञाप्रवाह’ या शब्दाची, म्हणजे मनातले विचार वाहतात तसे मांडण्याच्या रीतीची, उजळणी होते. मला मात्र कादंबरीतल्या घड्याळाबद्दल बोलायचं आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी १८८९च्या ग्रंथात एक साधा अनुभव नोंदवला आहे. लिहिता लिहिता शेजारच्या घड्याळाचे ठोके पडू लागतात. लक्ष जाईपर्यंत काही ठोके होऊन गेलेले असतात, कुणी मोजलेले नसतात. तरीही किती वाजले ते सांगता येतं, कारण ते ठोके सुरावटीसारखे एकमेकांत मिसळून मनात राहिलेले असतात. घड्याळाचा काळ सुटा मोजता येतो, मनातल्या काळाचे तसे तुकडे पडत नाहीत.

आपण बर्गसाँ वाचलेले नाहीत, असं वुल्फ यांनी म्हटलं आहे. पण त्यांची भावजय कॅरिन स्टीफन यांनी १९२२मध्ये बर्गसाँवर पुस्तक लिहिलं होतं. विषय घरातलाच होता.

कादंबरीत सकाळी फुलं आणायला निघालेल्या नायिकेला, क्लॅरिसा डॅलोवेला, बावन्नावं लागलेलं आहे. बिजागरीची कुरकुर आठवते आणि ती बोर्टनच्या माहेरघरात, अठरा वर्षांची. याला कृपा करून फ्लॅशबॅक म्हणू नये. फ्लॅशबॅकमध्ये गोष्ट थांबते, मागे जाऊन परत येते. इथे मागे कुणी जातच नाही. ती अठरा वर्षांची मुलगी या बाईबरोबरच लंडनचा रस्ता ओलांडत असते. क्लॅरिसाचा स्वभाव म्हणजे हे दोन्ही वयांचं एकत्र चालणं.

दुपारी बिग बेनचे बाराचे ठोके पडतात. क्लॅरिसा हिरवा पोशाख पलंगावर ठेवते. त्याच वेळी महायुद्धातून मन उद्ध्वस्त होऊन आलेला सेप्टिमस बायकोसोबत हार्ली स्ट्रीटवरून डॉक्टरकडे चाललेला असतो. दोघांची भेट शेवटपर्यंत होत नाही. रात्री मेजवानीत त्याच्या आत्महत्येची बातमी तिच्या कानावर येते, पुन्हा ठोके पडतात, आणि तो तिला परका वाटत नाही. कथानकानं न जोडलेली दोन माणसं इतकी जवळ आणणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

मराठीत मर्ढेकरांनी १९४२मध्ये ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी लिहून संज्ञाप्रवाहाची ही वाट धरली.

पहिल्या वीस पानांत ज्यांनी ‘मिसेस डॅलोवे’ खाली ठेवली, त्यांनी ती पुन्हा उघडावी. कोण कुठल्या वर्षात आहे याचा हिशेब ठेवू नये. बिग बेनचे ठोके कुठे पडतात आणि तेव्हा कोण काय करत असतं, तेवढं पाहावं.