दाबलं @, उमटलं "

आमच्या पुसेगावला पत्र पाठवायचं असेल तर पत्त्यात जिल्हा नक्की लिहा. नाहीतर ते सेवागिरी महाराजांच्या पुसेगावला, म्हणजे थेट साताऱ्याला जाऊ शकतं. आमचं गाव हिंगोलीतलं. नाव तेच, पत्ता वेगळा! कीबोर्डचंही असंच असतं, हे मला सुट्टीत कळलं.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलं. रॅम कमी, म्हणून डेस्कटॉप नाही. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, म्हणजे टेक्स्ट कन्सोल. ईमेल टाकताना @ दाबलं, तर उमटलं ". एंटर मारलं, तर > असं चिन्ह येऊन मशीन गप्प. अवतरण उघडलं होतं ना, ते बंद व्हायची वाट बघत होतं बिचारं! कीबोर्ड गेला असं समजून नवा आणायला मी हिंगोलीला निघालेच होते.

पण कीबोर्ड ठणठणीत होता. कळ दाबली की तो अक्षर पाठवतच नाही, फक्त कळीचा नंबर पाठवतो. त्या नंबरचं अक्षर कोणतं, हे कॉम्प्युटरमधला नकाशा ठरवतो. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये के दाबलं की क आणि डी दाबलं की हलन्त येतो, तो याच हिशेबाने.

चूक माझीच. इन्स्टॉल करताना मी 'ब्रिटिश इंग्लिश' निवडलं. आपण स्पेलिंग ब्रिटिश लिहितो, पण आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. ब्रिटिश नकाशात शिफ्ट आणि 2 म्हणजे ", शिफ्ट आणि 3 म्हणजे £. उभ्या रेघेची, म्हणजे पाइपची कळ तर डाव्या शिफ्टशेजारी, आणि ती आपल्या कीबोर्डवर नसतेच!

मग करायचं काय?

तात्पुरता उपाय: 'सुडो लोडकीज यूएस' ही कमांड (अर्थात इंग्रजी अक्षरांत) द्या. रीस्टार्ट केलं की मात्र पुन्हा जैसे थे.

कायमचा उपाय: डेबियन किंवा उबुंटू असेल तर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन' चालवून 'इंग्लिश (यूएस)' निवडा. फेडोरा, आर्चवर 'लोकलसीटीएल सेट-कीमॅप यूएस'. दोन्हींच्या आधी सुडो हवं.

थांबा, लगेच लॉगआउट करू नका! मी केलं आणि फसले. पासवर्ड बरोबर टाकतेय, तरी 'चुकीचा' म्हणतंय. का? तो ठरवताना ब्रिटिश नकाशा चालू होता. मी @ दाबलं होतं, पण मशीनने साठवलं होतं ". आणि पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे कळणार कसं? शेवटी @ च्या जागी " टाकलं आणि दार उघडलं. म्हणून नकाशा बदलल्यावर आधी 'पासडब्ल्यूडी' कमांडने पासवर्ड नव्याने टाका, मगच बाहेर पडा.

लॉगिनच होत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. युजरनेमच्या जागी टाइप केलेलं दिसतं. तिथे @, #, " दाबून बघा, कुठली कळ काय उमटवते ते समजेल. मग ते पुसा आणि नीट लॉगिन करा.

पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला मशीन पासवर्ड घेईना, तर घाबरू नका, कीबोर्डही आपटू नका. आधी बघा, पत्र कुठल्या पुसेगावला चाललंय!