भव्य आणि महान : माझ्या आवडीचे पाच महाचित्रपट



आवडीनिवडीला शास्त्र नसते असे म्हणतात. तरीही दोन माणसे चित्रपटगृहातून बाहेर पडली की वाटेतच त्यांचा वाद सुरू होतो, आणि वाद म्हटला की काही तरी मोजमाप आलेच. माझ्या आवडीच्या पाच महाचित्रपटांची प्रतवारी मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. ती आपल्याला पटावी असा आग्रह नाही. ती ज्या मापाने लावली ते माप मात्र आपण पारखून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

महाचित्रपट कशाला म्हणावे? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हत्ती, घोडे, तटबंदी आणि हजारोंचे सैन्य उभे राहते. हा भव्यतेचा सोस चित्रपटाला जन्मापासूनच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला मूकपट केला तो ‘राजा हरिश्चंद्र’, आणि १९१७ साली ‘लंकादहन’. पुढे १९३२ साली प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. त्याचाही नायक हरिश्चंद्रच. मराठी चित्रपटाला आरंभीच पुराणाकडे वळावेसे वाटले यात नवल नाही. कथा लोकांना ठाऊक होती. ती डोळ्यांनी पाहण्याची ओढ होती.

पण हरिश्चंद्र आपल्याला मोठा का वाटतो, हे पाहण्यासारखे आहे. तो सिंहासनावर बसलेला असतो तेव्हा तो अनेक राजांपैकी एक असतो. डोंबाघरी राबताना, स्मशानात उभा राहून स्वतःच्या बायकोकडे दहनाचा कर मागताना तो मोठा होतो. भव्यता सिंहासनाजवळ राहिली आणि महानता स्मशानात सापडली. माझे माप यातूनच निघाले आहे. एका माणसाच्या निर्णयावर अनेकांचे भवितव्य टांगलेले असावे, आणि त्या अनेकांना चित्रपटात स्वतःचा चेहरा असावा. गर्दी जर नुसती रंगीत पडद्यासारखी मागे उभी असेल, तर चित्रपट भव्य झाला; महान झाला असे मी म्हणणार नाही.

या मापाने पाचवा क्रमांक मी ‘बेन-हर’ला देतो. विल्यम वायलर यांचा हा अमेरिकन चित्रपट १९५९ सालचा. त्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यातील रथांची शर्यत पाहताना आजही हाताच्या मुठी आवळल्या जातात. मला मात्र शर्यतीपेक्षा जहाजाच्या पोटात साखळदंडांनी जखडलेले, ढोलाच्या ठोक्यावर वल्ही मारणारे गुलाम अधिक आठवतात. साम्राज्य कशावर चालते हे त्या एका प्रसंगात कळते. परंतु नायक तेथून सुटला की चित्रपटही त्या गुलामांना विसरतो, म्हणून त्याची जागा पाचवी.

चौथा ‘मुघल-ए-आझम’. के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात झळकला. शीशमहालातील नृत्य सर्वांना पाठ आहे. आरशांच्या शेकडो तुकड्यांत अनारकलीच दिसते आणि बादशहाला नजर वळवायला जागा उरत नाही. येथे आरास अर्थासाठी वापरली आहे. एका दासीचे निर्भय मन साऱ्या महालाला व्यापते. तरी हे भांडण अखेर एका घराण्यातलेच राहते. बापलेकांच्या युद्धात जे सैनिक पडतात, त्यांच्या घरी काय झाले हे आपल्याला कळत नाही.

तिसरा मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’, १९५७ सालचा. येथे राजा नाही, किल्ला नाही. आहे सावकाराची वही, आणि वहीत काय लिहिले आहे ते वाचता न येणारी माणसे. या विषयाचा पाया महाराष्ट्रात बाबूराव पेंटरांनी १९२५ सालीच ‘सावकारी पाश’मध्ये घातला होता, त्यात शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. ‘मदर इंडिया’तील राधा शेवटी गावाच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी पोटच्या पोरावर बंदूक चालवते. निर्णय एकीचा आणि भवितव्य गावाचे! ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्याला कर्ज हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, तेथे या चित्रपटावर वेगळे भाष्य काय करावे?

दुसरा क्रमांक एका जपानी चित्रपटाचा. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ १९५४ साली आला. तो जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. पण झाडीपट्टीची नाटके रात्र रात्रभर जागून पाहणाऱ्या मुलखाला लांबीचा धाक कोणी घालू नये. दरोडेखोर दरवर्षी पिकावर डोळा ठेवून येतात, म्हणून एक गरीब गाव सात लढवय्ये आणते. मोबदला काय, तर पोटभर भात. लढवय्यांना भात वाढता यावा म्हणून शेतकरी स्वतः हलके धान्य खातात. हे शेतकरी साधेभोळे दाखवलेले नाहीत. ते भित्रे आहेत, लबाडही आहेत, धान्य लपवून ठेवतात. आणि त्यांना तसे कोणी केले याचा जाबही चित्रपट लढवय्यांनाच विचारतो. शेवटी सातांपैकी चौघे मातीआड गेलेले असतात आणि गाव गाणी म्हणत रोवणीला लागलेले असते. उरलेल्यांचा म्होरक्या म्हणतो की जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील माणसाला हा शेवट समजायला जपानी भाषा येण्याची गरज नाही.

आता पहिला. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’. काहींच्या भुवया उंचावतील. यात ना मोठी लढाई, ना राजवाडे. हा संतपट, महाचित्रपट कसा? आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम एकच गोष्ट करतो: जे खरे वाटते ते लोकांच्या भाषेत लोकांना देतो, आणि मोह व दडपण या दोहोंपुढे नमत नाही. शिवाजीराजांनी पाठवलेली संपत्ती तो परत करतो. त्या निर्णयाची किंमत घरात कोण मोजते, हेही चित्रपट लपवत नाही. गौरीबाईंची आवली लेकरांच्या पोटासाठी नवऱ्याशी भांडते, देवाशीही भांडते, आणि तुकाराम वैकुंठाला जातो तेव्हा ती मागे, संसारात राहते. कीर्तनात बसलेल्या शिवाजीला पकडायला शत्रू येतात तेव्हा त्यांना जागोजागी शिवाजीच दिसू लागतात. चमत्कार म्हणून तो प्रसंग सोडून देता येईल. मला त्यात असे दिसते की राजा वाचला तो मेळ्यामुळे. हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला. देहूचा वाणी इटलीत समजला, कारण त्याच्या गावातील प्रत्येकाला चेहरा होता.

हे माप आज अधिक लागते. पूर्वी हजार माणसांचा जमाव हवा असेल तर हजार माणसे आणावी लागत. १९८२ सालच्या ‘गांधी’तील अंत्ययात्रेसाठी लाखोंचा समुदाय प्रत्यक्ष उभा होता. आता संगणक लाखाचे सैन्य बसल्या जागी उभे करतो. भव्यता स्वस्त झाली, आणि इतिहासावरील चित्रपटांचा पूर आला. आपली मुले इतिहास आधी पडद्यावर पाहतात, पुस्तकात नंतर वाचतात. इतिहास घडवतो तो घोड्यावरचा एकटा माणूस आणि बाकीच्यांनी जयजयकार करायचा, एवढेच ती शिकली, तर नुकसान चित्रपटाचे नाही, आपले आहे.

गडचांदूरकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. माणिकगडाचे तट जवळच आहेत; ते ज्या हातांनी रचले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. ऐन पंचविशीतला तो जमीनदार, आणि त्याच्या हाकेला उठलेली गोंड माणसे. महाचित्रपटाला लागणारे सारे येथे आहे. उद्या कोणी तो मोठ्या थाटाने पडद्यावर आणला, तर टाळ्या आपण जरूर वाजवाव्या. पण घरी परतताना एकमेकांना एक प्रश्न विचारावा : बाबूरावांच्या मागे जे उभे होते, त्यांच्यापैकी किती जणांचे चेहरे आपल्याला आठवतात?