दाढीचा फेस आणि नाजूक त्वचा

दाढीचा केस केराटीन नावाच्या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो पात्याला चांगलाच विरोध करतो. परंतु कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवला असता तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि पुष्कळ कमी जोराने कापला जातो. फेसाची कामे मुख्यतः तीन : केसावरील तेलकटपणा काढून पाण्याला आत वाट करून देणे, ते पाणी दाढी संपेपर्यंत धरून ठेवणे, आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करणे. या कामांसाठी योजलेले पदार्थ काही जणांच्या त्वचेला का सोसत नाहीत, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम ते पदार्थ कोणते हे पाहिले पाहिजे.

फेस येणारे शेव्हिंग क्रीम हा मूलतः एक मऊ साबण होय. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातील मेदाम्ले यांच्यावर अल्काची क्रिया घडवून तो तयार करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरल्यास साबण मऊ व चटकन विरघळणारा होतो, तर सोडियम हायड्रॉक्साइड वापरल्यास तो घट्ट होतो. म्हणून क्रीममध्ये पहिल्याचे प्रमाण अधिक ठेवतात. खोबरेल तेलामुळे भरघोस फेस येतो आणि स्टिअरिक आम्लामुळे तो दाट होऊन टिकून राहतो. काही स्टिअरिक आम्ल हेतुतः मोकळे राहू देतात. ओलावा धरून ठेवण्यासाठी ग्लिसरीन असते. याखेरीज अगदी थोड्या प्रमाणात सुगंधी द्रव्ये आणि जंतूंची वाढ रोखणारी परिरक्षके मिसळलेली असतात.

आता त्वचेकडे वळू. तिच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. हा थर मृत, चपट्या पेशींचा असून त्या पेशी स्निग्ध पदार्थांनी एकमेकींशी सांधलेल्या असतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. १९२८ मध्ये हाइन्रिक शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी या गुणधर्माला ‘आम्लाचे आवरण’ असे नाव दिले. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर त्वचेचा अंक सुमारे ५, तर साबणाच्या फेसाचा ९ ते १० असतो. या मापावरील प्रत्येक पायरी दहापटीची असल्यामुळे ५ आणि १० यांतील अंतर एक लाख पटींचे होते. साबण कितीही काळजीपूर्वक बनवला तरी पाण्यात तो अल्कधर्मीच राहतो. निरोगी त्वचा काही तासांत पूर्ववत होते. परंतु पाते केसांबरोबर शृंगस्तराचाही काही भाग खरवडून नेते. त्यातच पाणी फार कढत असेल, पाते बोथट असेल किंवा एकाच जागी ते पुनःपुन्हा फिरवले असेल, तर अल्क आणि घर्षण यांचा एकत्रित परिणाम होऊन त्वचा लाल होते, झोंबते व कोरडी पडते. याला क्षोभ म्हणतात. तो दाढी करतानाच किंवा त्यानंतर लवकरच जाणवतो, आणि कारण पुरेसे तीव्र असेल तर कोणालाही होऊ शकतो.

ॲलर्जीची गोष्ट निराळी आहे. येथे शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या विशिष्ट पदार्थाला शत्रू म्हणून ओळखू लागते. ही ओळख बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही, आणि मग त्या पदार्थाचा लवलेशही पुरतो. खाज, सूज व पुरळ ही लक्षणे सामान्यतः एक ते तीन दिवसांनी दिसतात. त्यामुळे संशय भलत्याच वस्तूवर जातो. येथे अपराधी असतात ते प्रायः सर्वांत कमी प्रमाणातील घटक, म्हणजे सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके.

मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २००५ पासून युरोपात ते सौंदर्यप्रसाधनांमध्ये स्वतंत्रपणे वापरण्यास अनुमती मिळाली. पुढील काही वर्षांत त्याची ॲलर्जी झालेल्या रुग्णांची संख्या इतकी वाढली की २०१३ मध्ये अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. त्वचेवर राहू देण्याच्या प्रसाधनांत युरोपीय संघाने २०१७ पासून त्यावर बंदी घातली, आणि धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत २०१८ पासून त्याची मर्यादा दहा लाख भागांत १५ भाग इतकी खाली आणली.

‘संवेदनशील त्वचेसाठी’ या वेष्टनावरील शब्दांवर विसंबून चालत नाही, ते यामुळेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७५ मध्ये ‘अल्प-ॲलर्जीकारक’ या दाव्याला चाचणीची अट घातली होती. १९७७ मध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली. दाव्यापेक्षा घटकांची यादी अधिक विश्वसनीय असते. भारतातील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याहून कमी असलेले त्यांच्यामागून, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. क्षोभ होणाऱ्याने यादीचा आरंभ पाहावा, आणि ॲलर्जी असणाऱ्याने तिचा शेवट. ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे अनेक द्रव्ये दडलेली असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

कारण क्षोभाचे असेल तर उपाय साधे आहेत : केस पुरेसे भिजवणे, धारदार पाते वापरणे, केसांच्या दिशेने हलक्या हाताने दाढी करणे, फेस त्वचेवर वाळू न देता नीट धुणे, अथवा ज्यात साबण कमी असतो असे बिनफेसाचे क्रीम निवडणे. ॲलर्जीचा संशय असल्यास नुसते एक क्रीम टाकून दुसरे आणण्याने लाभ होईलच असे नाही, कारण तेच परिरक्षक दुसऱ्यातही असू शकते. शिवाय क्रीम काही मिनिटांत धुतले जाते, पण दाढीनंतर लावलेले सुगंधी द्रावण त्वचेवर तसेच राहते; तेव्हा त्याचाही विचार व्हावा. नेमका पदार्थ शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पट्टी-चाचणी करतात. योझेफ याडास्सोन यांनी १८९५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत संशयित पदार्थ सौम्य प्रमाणात पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात व नंतर प्रतिक्रिया पाहतात. घरी क्रीम तसेच त्वचेवर लावून वर पट्टी बांधण्याचा प्रयोग मात्र करू नये. साबणानेच त्वचा पोळेल आणि निष्कर्ष फसवा निघेल.

याखेरीज एक तिसरी तक्रारही आढळते. कुरळ्या केसांच्या व्यक्तींत कापलेल्या केसाचे टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते व विशेषतः मानेवर पुटकुळ्या येतात. याचे मूळ केसाच्या वळणात आणि फार खोलवर दाढी करण्यात असते. क्रीम बदलून ते नाहीसे होत नाही. केस किंचित लांब ठेवणे, किंवा काही काळ दाढी वाढू देणे, हाच त्यावरचा खरा इलाज होय. म्हणून नवे क्रीम विकत घेण्यापूर्वी त्रास केव्हा सुरू होतो, किती काळ टिकतो आणि चेहऱ्याच्या कोणत्या भागावर दिसतो, याची काही दिवस नोंद ठेवावी. वैद्यालाही वेष्टनावरील जाहिरातीपेक्षा त्या नोंदीचा उपयोग अधिक होईल.