निळ्या दारांचें गांव : सिदी बू सईद



इतिहासाच्या तासाला आम्ही मास्तर मंडळी कार्थेजचें नांव घेतों, तें बहुधा हॅनिबाल आणि त्याचे हत्ती यांच्यापुरतें. त्याच कार्थेजच्या शेजारीं, ट्युनिसियाच्या किनाऱ्यावर, टेकडीच्या माथ्याला बिलगलेलें एक लहानसें गांव आहे. सिदी बू सईद हें त्याचें नांव. त्या गांवाची आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्याची माहिती आज आपणांस सांगावयाची आहे.

राजधानी ट्युनिसहून एक छोटी आगगाडी समुद्राकडे निघते. हा लोहमार्ग १८७२ सालीं सुरू झाला, आणि १९०८ पासून त्यावर विजेची गाडी धांवूं लागली. उथळ सरोवराच्या मधून घातलेल्या बांधावरून ती ला गुलेत बंदरास येते, मग कार्थेजच्या हद्दींतून जाते. तेथील एका स्थानकाला हॅनिबालचेंच नांव दिलेलें आहे! पुढें सिदी बू सईद, आणि शेवटीं ला मार्सा. सारी वाट वीस किलोमीटरांच्या आंतली. स्थानकापासून गांव चढणीवर आहे. पायीं गेलेलें उत्तम.

गांवांत शिरतांच दोनच रंग डोळ्यांत भरतात. भिंती चुन्यानें पांढऱ्याशुभ्र. दारें, खिडक्या आणि लांकडी जाळीचे सज्जे निळे. दारांवर काळ्या खिळ्यांची नक्षी ठोकलेली असते. सज्जाच्या जाळीआडून घरांतल्या स्त्रियांना रस्ता दिसे, पण रस्त्यावरच्यांना त्या दिसत नसत. गांवाला नांव मिळालें तें अबू सईद अल्-बाजी या सूफी संताचें. ते १२३१ मध्यें वारले, आणि त्यांच्या दर्ग्याभोंवतीं ही वस्ती वाढली. जानेवारी २०१३ मध्यें दर्ग्याला आग लागून मोठें नुकसान झालें. पुढें त्याची दुरुस्ती झाली.

पाहुण्यास वाटतें कीं हें रूप आपोआप, परंपरेनें असेंच राहिलें. तसें नाहीं. हें एका कायद्याचें फळ आहे. रोदोल्फ द एर्लांजे नांवाचा एक चित्रकार, पेढीवाल्या श्रीमंत घराण्यांतला, विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें येऊन राहिला. त्यानें येथें स्वतःचा वाडा बांधला, अरबी संगीताचा अभ्यास केला आणि त्यावर अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. गांवाचें रूप बिघडूं नये म्हणून त्यानेंच खटपट केली, आणि १९१५ सालीं फ्रेंच अंमलांत गांवाच्या रक्षणाचा हुकूम निघाला. मनास येईल तसें बांधावयाचें नाहीं, ही त्यांतली मुख्य गोष्ट. १९३२ सालीं कैरोंत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. तिच्या तयारींत त्याचा हात होता, आणि त्याच वर्षीं तो वारला. त्याच्या वाड्यांत आज संगीताचें सरकारी केंद्र असून जुनीं वाद्यें तेथें पाहावयास मिळतात.

घर माझें आणि रंग मात्र सरकारचा, हा कोठला न्याय, असें एखादा रहिवासी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर टेकडीखालीं कार्थेजमध्यें पसरलेलें आहे.

इ.स.पू. ८१४ मध्यें एलिसा नांवाच्या फिनिशियन राणीनें हें शहर वसविलें, अशी परंपरा सांगते. एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच जमीन तिला मिळाली. तिनें कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं अख्खी टेकडी वेढली. तीन पावलें भूमि मागणाऱ्या वामनाची कथा ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना हें नवल वाटणार नाहीं. इ.स.पू. १४६ मध्यें रोमनांनीं शहर जाळलें. जमिनीवर मीठ पेरल्याची गोष्ट सर्वत्र सांगतात, पण ती एकाही प्राचीन ग्रंथकारानें दिलेली नाहीं. पुढें रोमनांनींच येथें नवें नगर उभारलें. झाग्वानच्या डोंगरांतून शंभरांहून अधिक किलोमीटर कालवा आणून समुद्रकांठीं भव्य स्नानगृहें बांधलीं. आज तेथें उरले आहेत ते मुख्यतः तळघराचे भाग. एकच उंच खांब पुन्हा उभा केला आहे, त्यावरून मूळच्या उंचीची कल्पना करावी. बाकीचें कोठें गेलें? सातव्या शतकाअखेर अरबांनीं नगर जिंकल्यावर तें शतकानुशतकें दगडांची खाण होऊन राहिलें. ट्युनिसच्या झैतूना मशिदींतले कित्येक खांब येथलेच आहेत. नेणाऱ्यांना दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. तयार घडीव दगड दारांत पडला असतां नवा कोण फोडील?

१९७९ मध्यें युनेस्कोनें कार्थेजला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, आणि १९८५ मध्यें सरकारनें कार्थेज व सिदी बू सईद मिळून एकच संरक्षित क्षेत्र ठरविलें. तरीहि बंगल्यांसाठीं त्यांतले तुकडे मधूनमधून वगळले जात. २०११ च्या क्रांतीनंतर असे कित्येक हुकूम रद्द करण्यांत आले. समुद्राकडे तोंड असलेल्या जमिनीचा मोह अजून सुटलेला नाहीं.

प्राचीन बंदरें पाहावयास विसरूं नये. आज तीं दोन शांत तळीं दिसतात; पण वर्तुळाकार बंदरांत २२० युद्धनौका राहत असें अप्पियन लिहितो.

पोहणाऱ्यांनीं ला मार्साच्या वाळूवर जावें. मासे खाणाऱ्यांना ला गुलेत बरें. तेथील किल्ल्याशीं सम्राट पांचव्या चार्ल्सचें १५३५ सालचें नांव जोडलेलें आहे. पण संध्याकाळीं पुन्हा टेकडीवर चढावें. दुपारच्या मोटारींची गर्दी तोंवर ओसरते. रस्त्यावर बंबालूनी तळत असतात. आकार आपल्या मेदूवड्याचा, पण वर साखर. मोगऱ्याच्या जातीच्या कळ्यांचे छोटे गुच्छ विकतात, आणि ते कानावर खोंवतात पुरुषच! चटयांच्या कॉफीगृहांत बसावें. १९१४ च्या एप्रिलांत आउगुस्ट माके हा जर्मन चित्रकार येथें आला होता, आणि या गांवाचीं चित्रें त्यानें रंगविलीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो फ्रान्सच्या रणांगणावर पडला.

पुदिन्याचा चहा येथें फार गोड करतात; साखर कमी हवी असल्यास आधींच सांगावें. आखाताच्या पलीकडे बू कर्नीनचीं दोन शिखरें अंधारापर्यंत दिसत राहतात, आणि परतीच्या गाडीला उतार लागतो तो दहा मिनिटांचाच.