दुसऱ्यांचे श्वास सांभाळताना

१९५२ सालची गोष्ट. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली होती. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात रोज दाखल होत होते आणि श्वासोच्छ्वासाला मदत करणारी यंत्रे मात्र अगदी मोजकी होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एक उपाय सुचवला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायची. हे काम रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालवावे लागले. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते पार पाडले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्या शहरात उभारलेला विभाग जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक मानला जातो.

पुढे यंत्रे आली आणि पिशवी दाबणारे हात मोकळे झाले. पण यंत्रांवर लक्ष माणसांनाच ठेवावे लागते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत केलेली एक मोजणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे एका खाटेमागे दिवसाला सरासरी १८७ वेळा, म्हणजे साधारण दर आठ मिनिटांनी, धोक्याची घंटा वाजत होती. हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दलच्या ज्या सूचना तज्ज्ञांनी तपासल्या, त्यांतील सुमारे ८९ टक्के खोट्या निघाल्या. मात्र उरलेली एखादी खरी असते, त्यामुळे प्रत्येकीकडे बघावेच लागते.

अशा वेळी परिचारिकेच्या शरीरात काय घडते? धोक्याची जाणीव होताच मेंदू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. या ग्रंथी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते आणि रक्तदाब वाढतो. काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते व रक्तातील साखरेचा पुरवठा चालू ठेवते. पचन, दुरुस्ती अशी सवडीची कामे मागे पडतात. संकट टळले की सारे पूर्वपदावर येते. ही व्यवस्था आपल्या हिताचीच आहे. अडचण येते ती पूर्वपदावर यायला सवडच मिळाली नाही तर. विहिरीवरचा पंप अधूनमधून चालवला तर वर्षानुवर्षे टिकतो. सतत जास्त भाराखाली चालू ठेवला तर मोटर जळते. शरीराच्या अशा साचत जाणाऱ्या झिजेला ब्रूस मॅक्यूअन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले.

मोटर जळण्याचीच उपमा ‘बर्नआउट’ या शब्दातही आहे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये आपल्या सेवाभावी सहकाऱ्यांच्या अवस्थेसाठी तो वापरला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी तिची तीन लक्षणे सांगितली: मन रिते होणे, रुग्णांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची गणना रोगांत न करता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी केली.

मनाच्या या थकव्याची किंमत शरीरही मोजते. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांचा पुढे काही काळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बर्नआउटचा संबंध हृदयविकार, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, स्नायू व सांध्यांची दुखणी, डोकेदुखी आणि पोटाच्या तक्रारी यांच्याशी आढळला. ताणाचा परिणाम जखमेवरही दिसतो. १९९५ मधील एका अमेरिकन प्रयोगात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरण्याचा काळ मोजला. त्यांना सरासरी ४९ दिवस लागले, तर तशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांना ३९.

येथे थोडी सावधगिरी हवी. अतिदक्षता विभागात रात्रपाळी असते, जेवणाच्या वेळा चुकतात, झोप तुटते. यांतील कशाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. बर्नआउट झालेल्या व्यक्तींचे कॉर्टिसॉल मोजले तर काहींत ते जास्त, काहींत कमी, तर काहींत नेहमीइतकेच आढळते. म्हणून एखादी रक्ततपासणी करून बर्नआउटचे निदान करता येत नाही.

उपाय काय? “मन खंबीर ठेवा” हा सल्ला पुरेसा नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांच्या २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्या बंद करून पाहिल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त होत होत्या, असे २००४ मध्ये दिसून आले. डॉक्टर तेच, विभाग तोच. बदलले होते ते वेळापत्रक. पुरेसे मनुष्यबळ, सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा, खोट्या सूचना कमी करणे आणि रुग्ण दगावल्यावर सहकाऱ्यांशी बोलायला थोडा वेळ या गोष्टी व्यवस्थेच्या हातात असतात. २०२० मध्ये आपण या लोकांसाठी टाळ्या वाजवल्या. त्यांना खरी गरज आहे ती विसाव्याची.

हे विद्यार्थ्यांना प्रयोगातून दाखवता येईल. प्रकृती ठीक असलेल्या विद्यार्थ्याने बसून मिनिटभर नाडी मोजावी. मग जिना दोनदा चढून-उतरून यावे आणि नाडी पूर्वीइतकी होईपर्यंत दर मिनिटाला मोजावी. पूर्ण विश्रांतीनंतर हीच फेरी चार वेळा करावी, पण दोन फेऱ्यांमध्ये एकच मिनिट थांबून. दोन्हींचे आलेख काढावेत. पहिल्यात रेषा चढून पुन्हा तळाला येईल. दुसऱ्यात ती मधल्या मिनिटात बहुधा तळाला टेकणारच नाही. वर्गातील काही मुलांचे आई-वडील रुग्णालयात काम करत असतील. रात्रपाळीहून आलेली आई दुपारी झोपली असताना घरात आवाज का करायचा नाही, हे त्यांना या आलेखावरून नीट समजेल.