विश्लेषण : बर्लिनच्या मेट्रोला फाटकच नाही, मग विद्यार्थ्यांना 60 युरोंचा दंड का बसतो?

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सध्या भारतीय सर्वाधिक आहेत. राजधानी बर्लिनमधील स्थानकांवर ना फाटक, ना स्कॅनर. मुंबई लोकलची सवय असलेल्यांना यात नवल वाटत नाही आणि तिथेच गफलत होते.

तपासणी कशी होते?

तपासनीस अनेकदा साध्या वेशात असतात. गाडी सुटली की ते ओळखपत्र दाखवून तिकीट मागतात. यू-बान म्हणजे मेट्रो, एस-बान म्हणजे उपनगरी रेल्वे, ट्राम आणि बस या सर्वांना एकच तिकीट चालते. मात्र कागदी तिकिटावर प्रवासापूर्वी यंत्रात शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर पैसे भरूनही प्रवास विनातिकीट ठरतो. दंड 60 युरो.

विमानतळावर चूक का होते?

शहराचे ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत. रोजच्या फिरण्याला एबी तिकीट पुरते. पण विमानतळ आणि पॉट्सडॅम सी विभागात येतात. तिथे एबी तिकिटावर गेल्यास तेवढाच दंड होतो.

विद्यार्थ्यांना सवलत कोणती?

देशभर चालणाऱ्या ‘डॉइचलांड तिकीट’ या मासिक पासची किंमत जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. सरकारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना तो सत्र शुल्कातूनच 60 टक्के किमतीत मिळतो. आयसीईसारख्या जलद गाड्यांना तो चालत नाही. हिवाळी सत्र बहुधा 1 ऑक्टोबरला सुरू होते. सप्टेंबरमध्ये पोहोचणाऱ्यांना तोवर वेगळे तिकीट काढावे लागते. सर्वच खासगी संस्थांत ही सवलत नाही, त्यामुळे प्रवेशापूर्वीच चौकशी करावी. सवलतीविना पास घेतल्यास तो दरमहा आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा असल्यास त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते.

दंड झाल्यास काय करावे?

स्वतःच्या नावाचा वैध पास घरी राहिला असेल, तर आठवडाभरात तो दाखवल्यास 60 ऐवजी 7 युरो भरावे लागतात. बिनशिक्क्याच्या तिकिटाला ही सूट नाही. दंडाची पावती मिळाल्यावर मुदतीत पैसे भरणे महत्त्वाचे. वारंवार विनातिकीट सापडल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. जर्मन दंडसंहितेच्या कलम 265 अ नुसार फुकट्या प्रवासाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे.