एका मार्गावर दोन प्रवाह

प्रत्यावर्ती प्रवाह आणि एकदिश प्रवाह ही एकाच शक्तीची दोन रूपे असली, तरी त्यांना एका तारेत सुखाने नांदविता येत नाही. एकदिश प्रवाह नदीच्या पाण्याप्रमाणे एकाच दिशेने वाहतो; प्रत्यावर्ती प्रवाह भारतात सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. या येरझारांमुळेच रोहित्राच्या साहाय्याने त्याचा दाब हवा तसा वाढविता किंवा उतरविता येतो. रोहित्राला एकदिश प्रवाह दिला, तर त्यातील चुंबकत्व स्थिर राहते, दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होत नाही आणि पहिले वेटोळे मात्र तापून जळण्याचा संभव असतो. तथापि व्यवहारात या दोहोंचा संसार जुळविण्याची वेळ येतेच. मुंबईच्या लोहमार्गांवर हा प्रपंच नऊ दशके चालला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विद्युत् गाडी धावली. तिच्या तारेतील दाब १,५०० व्होल्ट असून प्रवाह एकदिश होता. वीजकेंद्रातून येणारी वीज प्रत्यावर्ती असे. मार्गालगतच्या उपकेंद्रांत तिचे रूपांतर होई. प्रथम फिरती परिवर्तक यंत्रे, नंतर पारा-चाप एकदिशकारक आणि शेवटी सिलिकॉनचे एकदिशकारक, असा या साधनांचा क्रम आहे. एवढा खटाटोप करण्याचे कारण त्या काळच्या चलित्रांत होते. एकदिश प्रवाहावरील चलित्र स्थिर उभी असलेली जड गाडी जोराने ओढून काढते आणि त्याचा वेग साध्या साधनांनी आवरता येतो. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला आणखी काय हवे?

उणीव होती ती कमी दाबाची. एखाद्या गाडीला ३,००० किलोवॉट शक्ती लागते असे धरू. १,५०० व्होल्ट दाबावर तिला २,००० अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल. २५,००० व्होल्टवर सुमारे १२० अँपिअर पुरतील. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार तीच ठेवली, तर पहिल्या पद्धतीतील हानी दुसरीच्या सुमारे पावणेतीनशे पट होईल. म्हणूनच मुंबईत तांब्याच्या जाड तारा आणि काही किलोमीटरांवर एकेक उपकेंद्र, असा खर्चिक संभार बाळगावा लागला. शिवाय रुळांतून परतणाऱ्या एकदिश प्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि आसपासचे लोखंडी नळ हळूहळू खाऊन टाकतो.

१९५७ मध्ये भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला आणि मुंबई एखाद्या बेटासारखी वेगळी पडली. इगतपुरीस इंजिन बदलल्याशिवाय गाडी नाशिककडे जाऊ शकत नसे. पश्चिम रेल्वेवर विरार ही सीमा ठरली. १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली, तरी सीमेवर तारेचा एक निर्जीव तुकडा ठेवावाच लागे. चालकाने मुख्य विद्युत्‌मंडल तोडायचे, गाडी मिळविलेल्या वेगावर पुढे जाऊ द्यायची आणि पलीकडचा दाब ओळखूनच मंडल पुन्हा जोडायचे. पुढे लोकल गाड्याही दोन्ही प्रवाहांवर चालू लागल्या. डब्यातील दिवे आणि पंखे मध्येच काही क्षण का बंद पडतात, हे कोडे अनेक उतारूंना पडत असे. त्याचे उत्तर या निर्जीव तुकड्यात होते.

सर्व मार्ग प्रत्यावर्ती करणे हे काम ऐकायला जितके सोपे, तितके करायला नव्हते. उच्च दाबाच्या तारेला भोवती अधिक मोकळी जागा लागते आणि मुंबईतील जुने पूल ठेंगणे होते. सिग्नलच्या मंडलांतही फेरबदल करावे लागले, कारण रुळांतून परतणाऱ्या प्रवाहाची त्यांच्याशी गल्लत झाली, तर रिकामा मार्ग व्यापलेला किंवा, अधिक भयंकर म्हणजे, व्यापलेला मार्ग रिकामा दिसू शकतो. आणि हे सारे गाड्या चालू ठेवून, रात्रीच्या मोजक्या तासांत! पश्चिम रेल्वेचे रूपांतर २०१२ मध्ये पुरे झाले; मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गाचे एप्रिल २०१६ मध्ये.

यावरून एकदिश प्रवाह कालबाह्य ठरला असे समजणे चुकीचे होईल. त्याच महाराष्ट्रात १९९९ पासून चंद्रपूरची वीज ५०० किलोव्होल्टच्या एकदिश वाहिनीने सुमारे ७५० किलोमीटरांवरील पडघ्यास येते. दोन्ही टोकांना रूपांतराची केंद्रे उभारण्याचा खर्च मोठा असला, तरी इतक्या अंतरावर तारांतील बचत त्याची भरपाई करते. चंद्रपूर जिल्ह्यातीलच भद्रावतीस तर वाहिनीच नाही: एकाच आवारात प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश होतो आणि लगेच पुन्हा प्रत्यावर्ती. पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी दोन्ही ५० आवर्तनांची, पण त्यांची पावले एकमेकांशी जुळत नव्हती. सरळ जोडणे शक्य नसल्याने हा उंबरा मध्ये घालावा लागला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दोन्ही जाळी एका तालात आली. तरीही भद्रावतीच्या केंद्राचे प्रयोजन संपले नाही. प्रत्यावर्ती जाळ्यात वीज आपल्या सोयीच्या वाटेने धावते. या केंद्रातून मात्र किती वीज कोणत्या बाजूस जावी, हे माणूस ठरवू शकतो.